३० पैकी ११

लेकीने सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे इथल्या अकरावी-बारावीला, मॅथ्स, इकॉनॉमिक्स आणि पॉलिटिक्स घेतलं तेव्हा बायकोचा पहिला प्रश्न, "आणि केमिस्ट्री?" मी मात्र जाम खूश. एवढी वर्षं लंडनच्या हॅरोत राहून पोरीच्या अभ्यासात माझा उपयोग शून्य, आता कुठे ती आपल्या हद्दीत आली. साताऱ्याचा माणूस मी, राजकारण आमच्याकडे शिकत नाहीत, ते चहाबरोबर पोटात जातं.

पहिल्याच आठवड्यात विचारलं, "बघू तुमच्या राज्यघटनेचं पुस्तक." तर म्हणे पुस्तक नाहीचे. घटना आहे पण एका जागी लिहिलेली नाही, अनकोडिफाइड म्हणायचं. थोडी १२१५ च्या मॅग्ना कार्टात, थोडी १६८९ च्या बिल ऑफ राइट्समध्ये, थोडी १९११ आणि १९४९ च्या पार्लमेंट अ‍ॅक्टमध्ये, आणि उरलेली "अशी पद्धत आहे" यात. आमच्या आईच्या लोणच्यासारखं, मीठ किती तर हाताला कळतं तेवढं. मी म्हटलं, बाबासाहेब इथेच लंडनमध्ये प्रिमरोझ हिलला राहून शिकले ना, त्यांनी हा कारभार बघितला असणार, म्हणून तर आपल्याकडे सगळं लेखी, चांगली ३९५ कलमं! लेक म्हणाली, "एव्हिडन्स?"

तो शब्द त्या दिवशी घरात आला तो मुक्कामालाच.

भानगड अशी की ए-लेव्हलला, म्हणजे सिक्स्थ फॉर्मच्या शेवटच्या परीक्षेला, पॉलिटिक्सचे तीन पेपर, प्रत्येकी दोन तासांचे, आणि त्यात ३० मार्कांचे निबंध असतात. "अमुक मताचं मूल्यमापन करा." ३० मधले १० माहितीला, १० विश्लेषणाला आणि १० निवाड्याला. म्हणजे नुसतं मत असून चालत नाही, दुसऱ्याचं मतही आपणच मांडायचं, तेही नीट, आणि मग दोन्ही तोलून निकाल द्यायचा. कट्ट्यावर बसून असलं कधी कुणी केल्याचं मला आठवत नाही. आमच्याकडे दुसरी बाजू मांडणारा म्हणजे फुटलेला.

पोरीने प्रॅक्टिस घरातच सुरू केली. मी नुसतं म्हटलं, भाजी खारट झालीय. "बाबा, हे फक्त विधान झालं. दुसरी बाजू?"

"खारट भाजीला कसली दुसरी बाजू!"

"भाताबरोबर बरोबर लागते. आता तू ठरव कुठला मुद्दा जड आहे ते."

बायको मान खाली घालून जेवत होती, पण खांदे हलत होते.

फ्लॅशकार्ड विचारायची ड्युटी माझी. त्यात जरा बरं वाटायचं. "चर्चिलने पक्ष बदलला, १९०४ ला कॉन्झर्व्हेटिव्ह सोडून लिबरल पक्षात गेला आणि १९२४ ला परत आला," ती हे असं सांगायची जणू केवढं कांड. वीस वर्षं थांबला? काय पेशन्स माणसाचा! मग पंतप्रधान लिझ ट्रस, २०२२, ४९ दिवसांत खुर्ची गेली. मी म्हटलं बाळा, २०१९ ला मुंबईत पहाटे शपथ घेतलेलं सरकार चौथ्या दिवशी गेलं होतं, तू ४९ दिवसांचं काय सांगतेस. "छान आहे, पण सिलॅबसमध्ये नाही."

तर एका रविवारी माझं डोकं फिरलं आणि मी चॅलेंज घेतलं, दे प्रश्न, लावतेस घड्याळ तर लाव. वेळ ४५ मिनिटं. प्रश्न असा की वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे इथल्या पार्लमेंटच्या, निवडणुकीतली फर्स्ट पास्ट द पोस्ट पद्धत बदलावी, या मताचं मूल्यमापन करा. म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त मतं तो आला, आपल्यासारखंच, मला काय अवघड! तीन पानं लिहिली. पंधरा वर्षांनी सलग पेनने लिहिलं, अंगठा सुजायचा बाकी होता. त्यात आमच्या वॉर्डातला तो अपक्ष टाकला, ज्याने मतं खाऊन दोघांनाही पाडलं, आणि शेवट केला, "जनता सुज्ञ आहे."

लेकीने जांभळ्या पेनने तपासलं. माहिती ५, विश्लेषण ४, निवाडा २. एकूण ११.

"किस्सा मस्त आहे बाबा, पण हा किस्सा आहे. २०१५ कुठंय? युकिप पक्षाला १२.६ टक्के मतं आणि सीट एक, एसएनपी या स्कॉटलंडच्या पक्षाला ४.७ टक्के आणि सीट्स ५६, हे नको लिहायला? आणि 'बदलू नये' हे तू पहिल्या ओळीत ठरवून टाकलंस, मग तीन पानं दुसऱ्या बाजूकडे बघितलंही नाहीस."

"वीस वर्षं मी हेच सांगतेय," स्वयंपाकघरातून आवाज आला.

मग आली ४ जुलै २०२४ ची निवडणूक. माझा पासपोर्ट अजून भारताचाच, पण कॉमनवेल्थचा नागरिक इथे राहत असेल तर त्याला पार्लमेंटसाठी मत देता येतं. लेक इथेच जन्मलेली, सगळं पाठ, पण वय सतरा. म्हणजे ११ मार्कवाला आत आणि पेपर तपासणारी बाहेर! मतदान केंद्राच्या दारापर्यंत आली आणि उभी राहिली, आजूबाजूला लोकांची कुत्री बांधलेली.

आत फोटो आयडी म्हणून पासपोर्ट दाखवला, पेन्सिलने फुली मारली (हो, पेन्सिलने), मतपत्रिका पेटीत टाकली आणि जाता जाता सवयीने डाव्या हाताचं बोट टेबलावरच्या बाईंसमोर धरलं. शाईसाठी. त्यांनी बोटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि प्लॅस्टर हवंय का विचारलं.

बाहेर आलो तर लेक तयारच. "कुणाला दिलंस?"

"गुप्त असतं ते."

"बरं, नाव नको सांगू. का दिलंस ते सांग, दोन्ही बाजूंनी."

मी म्हटलं चल लवकर, पार्किंग संपतंय. गाडी आणलीच नव्हती.