पळीभर तेलाचा हिशेब

चाळीसगाव तालुक्यातल्या आमच्या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या महादेवाच्या मंदिरावरून जुंपली आहे. मंदिर जुनं, काळ्या दगडाचं. मंडळाला त्याला ऑइलपेंट मारायचाय, गाभाऱ्यात टाइल्स बसवायच्यात. शिकलेली पोरं म्हणतात, दगडाला हातच लावू नका, युरोपात बघा कसं जपतात. मी उत्तर जर्मनीत राहतो, म्हणून साक्षीला मी.

तर बाल्टिक किनाऱ्यावरच्या श्ट्रालझुंडचं सांगतो. त्या बाजूला बांधकामाचा दगड नाही, म्हणून चर्चं भाजक्या लाल विटांची. सेंट मेरी चर्चचा मनोरा पूर्वी दीडशे मीटरच्या घरात होता; 1647 मध्ये वीज पडून जळाला, आता 104 मीटर आहे. आत श्टेलवागेन नावाच्या कारागिराने 1659 मध्ये पुरा केलेला ऑर्गन. त्याचा खर्ज लागला की कानाआधी बसल्या बाकात जाणवतो. दुसऱ्या महायुद्धात तो उतरवून सुरक्षित जागी हलवला होता. पुढे मोठी दुरुस्ती करून 2008 मध्ये मूळ रूपाच्या जवळ आणला. जवळच सेंट निकोलस चर्चमध्ये 1394 चं खगोलीय घड्याळ आहे. ते बंद पडलंय आणि बंदच ठेवलंय, कारण चालू करायचं म्हणजे जुने भाग बदलणं आलं. तेव्हा पोरांनो, ‘हात लावू नका’ असा सरसकट नियम तिथेही नाही.

आणि मंडळाला नावं ठेवण्याआधी पैशाचंही बघा. जर्मनीत चर्चच्या सभासदांकडून बहुतेक राज्यांत आयकराच्या 9 टक्के चर्च-कर घेतात. आमच्या मंडळाकडे आहे फक्त श्रावणातली वर्गणी. मात्र आमच्या महादेवावर रोज पाणी पडतं, आणि तिथली बाकं रविवारीही बरीचशी रिकामी असतात.

ऑइलपेंटला माझा विरोध आहे. दगडात मुरलेली ओल बाहेर पडायची वाट बंद होते, मग रंगाबरोबर नक्षीच्याही खपल्या निघतात. गाभाऱ्यात पाणी तुंबतं, पाय घसरतात, ही बायाबापड्यांची तक्रार खरी आहे. पण त्याला टाइल्स कशाला? गोमुख बुजलंय, ते मोकळं करा.

पैशाची सोय बघायला जर्मनीपर्यंत यायला नको. आपल्याच पाटणादेवीला 1207 चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याला नेमून दिलेलं उत्पन्न त्यात जुन्या मराठीत कोरलंय. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालातला वाटा, आणि जितके घाणे चालतील त्या प्रत्येकामागे पळीभर तेल. एकदाच धूमधडाक्यात जीर्णोद्धार नाही, कायमची थोडी थोडी आवक.

म्हणून ग्रुपवर लिहिलं: वर्गणी बँकेत ठेवा, व्याजातून दर उन्हाळ्यात शिखरावरची पिंपळाची रोपटी मुळासकट काढा, गोमुख साफ ठेवा.

काकांचं उत्तर लगेच आलं, “तुले काय जास बोलाले? पैसा धाड.”

धाडतो. पावतीवर ‘रंगकाम’ नको, एवढीच अट.