कार्बनच्या छतावर ब्लेड चालवायचेच कशाला?

सकाळचे ऊन तिरपे असताना गाडीच्या छताकडे बाजूने पाहिले की पुढच्या काचेपासून दोन बोटे आत एक बारीक पांढरी रेघ दिसते. पारदर्शक फिल्मची कड कोपऱ्यात जिथे वळते तिथे ही रेघ वळत नाही. फिल्म संपल्यावरही ती उघड्या छतावर चांगली चार सेंटिमीटर सरळ पुढे जाते, आणि तिच्यावरून नख फिरवले तर नख अडकते. छताला ओरखडा पडू नये म्हणून मी फिल्म लावून घेतली आणि छताला पडलेला पहिला ओरखडा ती फिल्म कापणाऱ्या ब्लेडचाच आहे. या गोष्टीला तीन आठवडे झाले, तरी ती रेघ नजरेला पडली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

हे पत्र्याचे छत असते तर मला राग आला असता, पण इतका नाही. पत्र्यावर प्रायमर असतो, त्यावर रंग असतो आणि त्यावर क्लिअर कोट, म्हणजे रक्षणासाठी दिलेला पारदर्शक थर, असतो. ओरखडा पडला तर रंगाचा क्रमांक पाहून तेवढा भाग दुरुस्त करता येतो. कार्बन फायबरचे छत म्हणजे कार्बनच्या धाग्यांचे विणलेले कापड रेझिनमध्ये, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या चिकट द्रवात, मुरवून घट्ट केलेले असते. वीण दिसावी हाच त्यामागचा हेतू असल्यामुळे त्यावर रंग देत नाहीत, फक्त क्लिअर कोट देतात. कार्बनच्या धाग्यांना उन्हाने फारसे काही होत नाही, परंतु धाग्यांना धरून ठेवणारे इपॉक्सी रेझिन अतिनील किरणांनी पिवळे पडते, निस्तेज होते आणि पुढे खडूच्या भुकटीसारखे सुटू लागते. ते किरण अडवण्याचे काम क्लिअर कोटचे असते. छत तर दिवसभर आकाशाकडे तोंड करून तापत असते, त्यामुळे दरवाजाला किंवा बंपरला जेवढे ऊन सोसावे लागते त्यापेक्षा कितीतरी जास्त छताला सोसावे लागते. अशा छताच्या क्लिअर कोटमध्ये चीर पाडणे म्हणजे ऊन आणि पाणी यांना आत जायला वाट करून देणे आहे, आणि ही साधी गोष्ट ज्याचा रोजचा व्यवसायच फिल्म लावण्याचा आहे त्याला मी समजावून सांगावी लागते, याचा मला सर्वांत जास्त संताप येतो.

थोडा जाडीचा हिशोब करा. गाडीवर लावायची पॉलियुरेथेनची फिल्म साधारण १५० ते २०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असते. कारखान्यातून येणारा क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ. गाडीवर ठेवूनच फिल्म कापायची झाली तर कापणाऱ्याने २०० मायक्रॉन पूर्ण कापायचे आणि त्याखालच्या ५० मायक्रॉनना धक्का लावायचा नाही, तेही वाकून, हात लांब करून, साबणाच्या पाण्याने ओल्या झालेल्या गुळगुळीत फिल्मवर. वर्षानुवर्षे हात बसलेल्या कारागिरालाही हे दर वेळी साधेल असे नाही. मग ज्या पृष्ठभागावर चूक झाली तर ती झाकायला रंगच नाही, तिथे हा धोका पत्करायचा कशासाठी?

तो पत्करण्याची गरज नव्हती, हे तर अधिकच चीड आणणारे आहे. छताची फिल्म संगणकावरच्या नमुन्यानुसार प्लॉटर या कापणाऱ्या यंत्रावर आधीच कापून घेता येते. नमुना उपलब्ध नसेल तर कागदावर माप काढून टेबलावर कापता येते. फिल्मचे रोल १५२ सेंटिमीटर रुंद मिळतात, त्यामुळे बहुतेक गाड्यांचे छत एकाही सांध्याशिवाय एका तुकड्यात झाकले जाते. छताच्या दोन्ही बाजूंना पट्ट्या असतील तर त्या काढून फिल्मची कड त्यांच्याखाली घालता येते, म्हणजे कड दिसत नाही, तिथे माती साचत नाही आणि धुताना पाण्याच्या जोराने ती उचकटतही नाही. या सगळ्याला वेळ लागतो, हे मला मान्य आहे. म्हणूनच मी काम देताना घाई नाही, गाडी दोन दिवस जास्त ठेवा, असे स्वतःहून सांगितले होते. तेव्हा मान डोलावली गेली आणि गाडी दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी तयार असल्याचा फोन आला. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

रेघ दाखवायला गेलो तेव्हा पहिले उत्तर मिळाले, "साहेब, छतावर कोण बघतंय? खालून तर काही दिसत पण नाही." दुसरे उत्तर, "ही आधीचीच असणार." तिसरे उत्तर तर त्याहून वाईट होते. वर्कशॉपच्या मालकाने रंगाची जाडी मोजायचे यंत्र आणले, ते छतावर चार ठिकाणी टेकवले, पडद्यावर आकडा आला नाही तेव्हा एकदा झटकले आणि मग मला सांगितले की क्लिअर कोट व्यवस्थित आहे. रंगाची जाडी मोजायची ती नेहमीची यंत्रे चुंबकीय तत्त्वावर किंवा एडी करंटवर चालतात आणि त्यांना खाली धातू लागतो. कार्बन फायबरवरचा थर मोजायचा तर अल्ट्रासोनिक यंत्र लागते. ज्या यंत्राने काहीच मोजले नाही त्याच्या आधारावर मला सगळे ठीक असल्याचे सांगण्यात आले. अज्ञान मी समजू शकतो, शिकवता येते. माहीत नसताना ग्राहकाच्या तोंडावर ठामपणे खोटे सांगणे मी खपवून घेणार नाही.

आता ओळखीचे लोक सांगतात की फिल्म लावायलाच नको होती, सिरॅमिक कोटिंग पुरे झाले असते. हे मला पटत नाही. सिरॅमिक कोटिंगचा थर फार तर एक-दोन मायक्रॉनचा. त्याने पाणी ओघळते, धुणे सोपे होते, पण उडालेला खडा तो अडवत नाही आणि पक्ष्यांची विष्ठा उन्हात छतावर वाळत राहिली तर तिच्यातल्या आम्लापुढे तो फार वेळ टिकत नाही. काहींचा आक्षेप वजनाचा आहे. २००३ मध्ये बीएमडब्ल्यूने आपल्या एम३ सीएसएल या गाडीला कार्बनचे छत दिले ते गाडीच्या सर्वांत उंच भागातले वजन कमी व्हावे म्हणून, हे खरे आहे. परंतु दीड चौरस मीटर छतावरच्या फिल्मचे वजन अर्धा किलोही भरत नाही. फिल्म लावण्याचा निर्णय माझा होता आणि तो बरोबरच होता. वाईट काम झाले ते हाताने आणि ब्लेडने.

फिल्मला दहा वर्षांची वॉरंटी आहे, असे मला पुन्हा पुन्हा ऐकवले जाते. ती वॉरंटी फिल्म पिवळी पडणे, तडकणे, सुटणे यांची आहे. तिच्याखालच्या छतावर लावणाऱ्याने काय केले याच्याशी तिचा काहीही संबंध नाही. आणि माझी अडचण अशी आहे की ही फिल्म ठेवताही येत नाही आणि काढताही येत नाही. ठेवली तर कडेलगतच्या चिरेत पाणी आणि धूळ जात राहणार. काढायची तर ती गरम करून, अगदी लहान कोनात, सावकाश ओढावी लागते, आणि जिथे क्लिअर कोट आधीच कापला गेला आहे तिथे फिल्मच्या गोंदाबरोबर त्याचा पापुद्राच उचलला जाण्याची भीती आहे. खरी दुरुस्ती म्हणजे संपूर्ण छत घासून नवा क्लिअर कोट देणे. त्यातही घासणारा हात जरा खोल गेला की तो थेट विणीपर्यंत पोहोचतो आणि कापले गेलेले धागे मग कशानेही पूर्ववत होत नाहीत.

यावर वर्कशॉपने देऊ केलेला तोडगा म्हणजे फुकट पॉलिश. पॉलिश म्हणजे आहे तोच क्लिअर कोट आणखी घासून पातळ करणे. चीर आहे तिथेच राहते आणि तिच्या आजूबाजूचे संरक्षण मात्र कमी होते. मी स्पष्ट नकार दिला. गाडी ताब्यात देण्याच्या दिवशी मी छताच्या चारही कोपऱ्यांचे फोटो काढून ठेवले होते आणि त्यात पुढचा डावा कोपरा अगदी स्वच्छ दिसतो. तो फोटो आणि आजचा फोटो जोडून मी लेखी मागणी केली आहे: नुकसान तुमच्या हातून झाले हे लिहून द्या, कार्बनचेच काम करणाऱ्या माणसाकडून फिल्म काढून घ्या, नव्या क्लिअर कोटचा खर्च द्या, आणि यापुढे माझ्या गाडीला तुमच्या कोणाचेही ब्लेड लागणार नाही.