आमच्या पोरांनी काय घोडं मारलंय?

दहावीचा निकाल लागला की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आधी पेढ्यांचे फोटो येतात आणि मग भांडण. निकाल तिकडे दुपारी लागतो, तेव्हा न्यू जर्सीत पहाटेचा अंधार असतो. यंदा मी चहा टाकून फोन हातात घेईपर्यंत ६३ मेसेज साठले होते. सुरुवात काकांनी केली होती. त्यांच्या मजल्यावरच्या एका मुलाला ८६ टक्के मिळाले. त्याला 'एलडी' (लर्निंग डिसेबिलिटी, म्हणजे अध्ययन अक्षमता) म्हणून पेपरला जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुका माफ, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीचं गणित. "एलडीचं सर्टिफिकेट काढलं की झालं. आईबाप दोघं आयटीत, खर्चाला काय कमी? मग आमच्या पोरांनी काय घोडं मारलंय?" मामींनी लिहिलं, ज्याचं जळतं त्यालाच कळतं. कुणीतरी बोगस प्रमाणपत्रांची बातमी टाकली. संध्याकाळपर्यंत सगळे जिथे होते तिथेच होते.

मी काही लिहिलं नाही. माझ्या मुलाला डिसलेक्सिया, म्हणजे वाचन-लेखनात अडवणारी एलडी आहे, तो आता नववीत आहे, आणि त्या ग्रुपवर ताई सोडली तर हे कुणालाच माहीत नाही. आता कळेल.

काकांचा राग मला अगदीच खोटा वाटत नाही. महाराष्ट्रात या सवलती १९९६ पासून आहेत, म्हणजे त्यांना नवं फॅड म्हणता येत नाही. पण त्या मिळवायच्या तर आधी पालकाला 'एलडी' हा शब्द माहीत हवा. मग मानसतज्ज्ञाकडे बुद्ध्यांक, वाचन-लेखनाच्या चाचण्या, सरकारी रुग्णालयातल्या खेपा, प्रत्येक खेपेला एक रजा. रोजंदारीवरच्या बाईला हे जमणार कसं? त्यामुळे सर्टिफिकेट म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो मुंबई-पुण्याच्या इंग्रजी शाळेतला मुलगा. ते खरंही आहे. पण म्हणून सवलतीच बंद करा म्हणणं म्हणजे रेशनच्या दुकानावर दांडग्यांनीच पुढे घुसायचं आणि आपण दुकानालाच टाळं ठोकायचं.

माझी तक्रार वेगळी आहे. काका आणि मामी दोघंही परीक्षेच्या हॉलमध्ये उभे राहून भांडताहेत. मूल अडखळतं दुसरीत, आणि आपण भांडतो दहावीत. मधली आठ वर्षं त्या मुलाने 'डोकं आहे पण वापरत नाही' हे ऐकत काढलेली असतात.

आमच्याकडे वेगळं काही होत नव्हतं. मुलगा दुसरीत असताना एका पानावर 'फ्रेंड' हा शब्द चार प्रकारे लिहून आला. त्याचा बाबा चिडला आणि रोज दहा ओळी शुद्धलेखन सुरू झालं, अगदी डोंबिवलीत आम्हाला घालायचे तसं. शाळेतल्या बाई म्हणाल्या, घरी दोन भाषा आहेत ना, त्यामुळे गोंधळत असेल, मराठी जरा कमी करून बघा. मी महिनाभर तेही केलं. स्वतःच्या पोराशी मोडकंतोडकं इंग्रजी बोलत पोळ्या लाटायच्या, हा प्रकार आठवला की अजून कसंतरी होतं.

ऑफिसातल्या एका मैत्रिणीने डोळे उघडले. "तोंडी काही बोलू नकोस. कागद दे. तोंडी बोललेलं इथे मोजत नाहीत." मी चार ओळींचं पत्र दिलं: मुलाच्या वाचनाची तपासणी व्हावी. त्या क्षणापासून एक घड्याळ चालू झालं, आणि ते माझ्या हातात नव्हतं. न्यू जर्सीत असं पत्र मिळालं की २० दिवसांत शाळेने बैठक घ्यायची. तपासणीला पालकांची संमती मिळाली की ९० दिवसांत चाचण्या, निर्णय आणि मूल पात्र ठरलं तर मदत सुरू. शाळेचा मानसतज्ज्ञ, अध्ययन सल्लागार आणि समाजसेविका अशा तिघांचं पथक असतं, त्याला 'चाइल्ड स्टडी टीम' म्हणतात. पालकांना एक पैसा पडत नाही. आमचं सगळं ८४ व्या दिवशी झालं. शाळा फार प्रेमळ होती म्हणून नव्हे, ९१ वा दिवस उजाडला तर कायदा मोडतो म्हणून.

हा कायदा इथेही आभाळातून पडला नाही. १९७५ पर्यंत अमेरिकेतल्या कित्येक शाळा अशा मुलांना सरळ नाही म्हणायच्या. पेनसिल्व्हेनिया आणि वॉशिंग्टन डीसीतल्या पालकांनी खटले भरले, १९७२ च्या सुमारास निकाल लागले, आणि तीन वर्षांनी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी कायद्यावर सही केली. त्यात एक कलम आहे, त्याला 'चाइल्ड फाइंड' म्हणतात: पालकांनी विचारो वा न विचारो, अशी मुलं शोधून काढणं हे शाळा-जिल्ह्याचं काम. माझ्या मते सगळा जीव या एका कलमात आहे.

तपासणीत मानसतज्ज्ञ बाईंनी मला विचारलं, तो मोजतो कोणत्या भाषेत? मी म्हटलं, मोजतो इंग्रजीत, रागावतो मराठीत. त्यांनी ते लिहून घेतलं. मूल ज्या भाषेत जगतं ती लक्षात घेऊन तपासणी करायची, हेही कायद्यातच आहे. निष्कर्ष असा की अडचण शब्दातले ध्वनी सुटे करण्यात आहे आणि दोन भाषांचा तिच्याशी संबंध नाही. "मराठी खुशाल बोला." त्या वाक्यावर मी त्या टेबलाशी रडले. डिसलेक्सिया शब्दावर नाही रडले.

मग आठवड्यातले पाच दिवस, रोज ४५ मिनिटं, तीन मुलांचा गट आणि खास प्रशिक्षण घेतलेल्या एक बाई. शब्दातला एकेक ध्वनी बोटावर टिचकी मारत मोजायचा, ताटलीतल्या वाळूत अक्षर काढायचं, काढताना मोठ्याने म्हणायचं. ही पद्धत ऑर्टन आणि गिलिंगहॅम यांच्या नावाने ओळखली जाते. माझ्या आईला व्हिडिओवर वाळूची ताटली दाखवली तर ती म्हणाली, "ही तर धुळाक्षरं!" (यावरून आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं, असा फॉरवर्ड कृपया कुणी काढू नका. धुळाक्षरं सगळ्यांनाच होती, आणि ज्याला जमायची नाहीत त्याला छडीही होती.) परीक्षेत जादा वेळ त्यालाही मिळतो, पण शाळेने त्याच्यासाठी केलेल्या लेखी आराखड्यात ती शेवटून दुसरी ओळ आहे. आधीची चार पानं शिकवायचं कसं, यावर आहेत.

आता अमेरिकेचे पोवाडे गाते आहे असं वाटायच्या आत दुसरी बाजूही सांगते. टेक्सास राज्याने २००४ पासून शाळांवर एक आकडा बसवला होता: विशेष शिक्षणातली मुलं ८.५ टक्क्यांच्या वर जाऊ नयेत. हजारो पोरांना वर्षानुवर्षं तपासणीच नाकारली गेली. २०१६ मध्ये 'ह्यूस्टन क्रॉनिकल'ने ते बाहेर काढलं आणि २०१८ मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याने टेक्सासने कायदा मोडल्याचं सांगितलं. पैशाचंही तेच. १९७५ ला केंद्राने अशा दर मुलामागे देशातल्या सरासरी शालेय खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत पैसे देऊ म्हटलं होतं, तो शब्द आजवर पाळलेला नाही. बाकीचा बोजा बराचसा गावच्या घरपट्टीवर. म्हणजे महागड्या घरांच्या गावात बाई तीन मुलांना शिकवणार, शेजारच्या गरीब गावात त्याच बाई नऊ जणांना. शाळेचा निर्णय पटला नाही तर शाळेच्याच खर्चाने बाहेरून दुसरी तपासणी मागता येते, पण हक्कांची ती जाडजूड पुस्तिका वाचणार कोण? ज्याला वकील परवडतो तो. आणि ज्या शिक्षण खात्याने टेक्सासचे कान उपटले त्याचे जवळपास निम्मे कर्मचारी मार्च २०२५ मध्ये कमी करायचं ठरलं. काकांचा तो आयटीवाला शेजारी इथेही आहे. बहुधा तो मीच आहे.

आणि आपल्या लोकांचं काय सांगू. २०१९ ला राष्ट्रीय स्पेलिंग बी या इंग्रजी स्पेलिंगच्या स्पर्धेत आठ सहविजेते निघाले, त्यातले सात भारतीय वंशाचे. त्या आठवड्यात मंडळाच्या कार्यक्रमात दुसरा विषय नव्हता. माझा मुलगा तेव्हा दुसरीत होता, आणि त्याच आठवड्यात मी ते चार ओळींचं पत्र टाइप करत होते. गणपतीत आरतीचं पुस्तक हातात दिलं की तो अजून मागच्या रांगेत सरकतो. गेल्या वर्षी एका आईने मला पार्किंगमध्ये गाठून हळूच विचारलं, "तुमचा मुलगा त्या बाईंकडे जातो ना?" मांडवात विचारायची तिची हिंमत झाली नाही. माझीही उत्तर द्यायची झाली नसती.

शनिवारच्या मराठी शाळेत मात्र मला एक गोष्ट दिसली, जिचा तिकडच्या भांडणाशी थेट संबंध आहे. इंग्रजीत अंदाजाने काहीही ठोकून देणारा हा मुलगा मराठी बरोबर वाचतो. फक्त बैलगाडीच्या वेगाने. देवनागरीत अक्षराला ध्वनी बऱ्यापैकी ठरलेला असतो, त्यामुळे चुका कमी होतात आणि अडचण वेगात दिसते. ध आणि घ, भ आणि म यांत गल्लत होते, पहिली वेलांटी बोलायची नंतर आणि लिहायची आधी यात पेन्सिल अडते, पण एकुणात वाचन बरोबर येतं. आणि इथेच घात होतो. मराठी शाळेतल्या गुरुजींना वाटतं, वाचतो की! हळू वाचतो, आळशी आहे. एलडी हे इंग्रजी शाळेचं दुखणं वाटण्याचं हेही एक कारण असावं. मराठीतून तपासायची साधनं नाहीत असंही नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 'डाली' नावाचा चाचणीसंच हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीतही केला आहे, त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

कायदाही आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अध्ययन अक्षमता यादीत घेतली. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विशेष शिक्षकांचं प्रमाण घालून दिलं, प्राथमिकला अशा १० मुलांमागे एक, पुढे १५ मागे एक. मार्च २०२५ मध्ये राज्यांना पदं मंजूर करून भरा म्हणून पुन्हा सांगावं लागलं. २०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा यावरून महाराष्ट्र पेटला होता, जूनअखेर सरकारने ते निर्णय मागे घेतले. त्या वादातलं जेवढं माझ्यापर्यंत पोचलं त्यात अस्मिता भरपूर होती, पहिल्याच लिपीशी झगडणारं सहा वर्षांचं पोर क्वचितच होतं.

ताई डोंबिवलीत घरी शिकवण्या घेते. तिच्याकडे मराठी शाळेतली तिसरीची एक मुलगी येते. आई चार घरी पोळ्या करते, वडील रिक्षा चालवतात. तोंडी विचारलं तर सगळं येतं, वाचायला दिलं की घाम फुटतो. काकांच्या मेसेजनंतर दोन दिवसांनी ताईचा फोन आला. "अगं, तू तिकडे ते पत्र दिलं होतंस ना, तसं मराठीत करून दे. तिच्या आईच्या नावाने मुख्याध्यापिकांना देऊ."

रविवारी बसलो. विषय, संदर्भ सगळं झालं. "माझ्या मुलीच्या वाचनाची तपासणी व्हावी" इथपर्यंत माझ्याच जुन्या पत्राचं मराठी होतं. पुढच्या ओळीत 'इतक्या दिवसांत' लिहायचं होतं, तिथे मी अडले. २०१६ चा कायदा उघडून सोळावं कलम वाचलं. शाळांमधून अध्ययन अक्षमता शोधून काढायची आणि योग्य ते उपाय करायचे, ही जबाबदारी सरकारवर आणि स्थानिक प्राधिकरणांवर तिथे स्पष्ट टाकलेली आहे. कधीपर्यंत, तर इंग्रजीत शब्द आहेत, 'ॲट द अर्लिएस्ट'.

"मग काय लिहू?" मी विचारलं.

"लिही, लवकरात लवकर," ताई म्हणाली. "आणि तारीख घाल आजची. पोच घ्यायला मी स्वतः जाते."