डॅशबोर्ड हिरवा, कोड अगम्य: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया चांगलीच तिखट आहे. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी: मी म्हटलं होतं की नव्याने लिहिलेल्या फंक्शनची सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी (म्हणजे इफसारख्या फाट्यांमुळे त्या फंक्शनमधून जाण्याच्या किती स्वतंत्र वाटा होतात तो आकडा) 10 च्या वर गेली, तर मर्ज करण्याआधी, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळण्याआधी, थांबून बघावं. त्यावर तुमचं म्हणणं असं: हा आकडा वाटा मोजतो, वाचनीयता नाही. बारा केसेसचा सरळसोट स्विच (एकाच किमतीवरून अनेक पर्यायांपैकी एक निवडणारा कोड) कुणालाही कळतो, हा आकडा काढणारं टूल मात्र बोंब मारतं. तुमच्या टीमने टूलला खूश करायला साठ ओळींच्या एका फंक्शनची नऊ फंक्शन्स केली. डॅशबोर्ड हिरवागार झाला आणि कोड कुणाला कळेनासा झाला. आणि शेवटचा टोला, 'ज्याला कोड वाचता येतो त्याला आकडा लागत नाही, ही मॅनेजर लोकांची खेळणी आहेत.'

स्विचबद्दल आपलं भांडणच नाही. थॉमस मॅकेब यांनी 1976 साली हे माप मांडलं, तेव्हा 10 ही मर्यादा ठीक वाटते पण तिच्यात काही जादू नाही, असं त्यांनीच लिहून ठेवलं. शिवाय एकमेकांशी संबंध नसलेल्या केसेसचा मोठा स्विच असेल तर ही मर्यादा लावू नये, ही सूटही त्याच निबंधात आहे. म्हणजे तुमचा आक्षेप पन्नासेक वर्षांपूर्वीच मान्य झालेला आहे. टूलची सेटिंग्ज करणाऱ्यांनी तो निबंध उघडला नाही, एवढंच. एसक्यूलाइट या डेटाबेसमधलं बाइटकोड (आतल्या आत तयार होणाऱ्या सूचना) चालवणारं फंक्शन म्हणजे एक अवाढव्य स्विच आहे. तो तोडून कुणाचं भलं होणार नाही.

'वाटा मोजतो, वाचनीयता नाही' हे मात्र अर्धंच खरं आहे. त्यासाठी एक उदाहरण घेऊ. एसटीच्या सवलती सगळ्यांना माहीत असतात: पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, पाच ते बारा हाफ तिकीट, ऑगस्ट 2022 पासून पंच्याहत्तरीपुढच्यांना मोफत, पासष्ट ते पंच्याहत्तर अर्धं, आणि मार्च 2023 पासून महिलांना अर्धं. ओळखपत्र, राज्याबाहेरचे टप्पे वगैरे भानगडी बाजूला ठेवतो. एका बैठकीत घाईघाईने लिहिलेला कोड बहुधा असा दिसेल (की-वर्ड देवनागरीत लिहितोय, भाषा कुठलीही धरा):

दर = 100
इफ वय >= 5:
    इफ वय > 12:
        इफ वय < 75:
            इफ महिला किंवा वय >= 65:
                दर = 50
        एल्स:
            दर = 0
    एल्स:
        दर = 50
एल्स:
    दर = 0
रिटर्न पूर्णभाडं * दर / 100

आता हेच असं लिहू:

इफ वय < 5: रिटर्न 0
इफ वय <= 12: रिटर्न अर्धंभाडं
इफ वय >= 75: रिटर्न 0
इफ महिला किंवा वय >= 65: रिटर्न अर्धंभाडं
रिटर्न पूर्णभाडं

मॅकेबच्या हिशोबाने दोन्हींचा आकडा 6. चार इफ, एक 'किंवा', आणि सुरुवातीचा 1. इथे तुम्ही म्हणाल, 'बघा! एक वाचताना डोकं फिरतं, दुसरं कंडक्टरलाही वाचून दाखवता येईल, आणि आकडा तोच.' बरोबर. पण हा 6 तुम्हाला दुसरं काहीतरी सांगतोय. टेस्ट लिहायला बसा: तीन वर्षांचं मूल, आठ वर्षांचं मूल, ऐंशीच्या आजी, तीस वर्षांची बाई, सत्तरीचे आजोबा, चाळिशीचा पुरुष. सहा झाले. सातव्या प्रकारचा प्रवासी या कोडमध्ये नाहीच. (सीमेवरची वयं वेगळी तपासायची, तो विषय निराळा.) समोर चारच टेस्ट असतील तर कुठली तरी वाट कुणी चाललेलंच नाही, हे तुम्हाला कोड न वाचता कळतं. मॅकेब यांना मुळात हेच हवं होतं. वाचनीयतेचं ओझं नंतर लोकांनी त्या आकड्यावर टाकलं.

वाचायला किती जड जातं ते मोजायचं असेल, तर कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटी बघा. हे माप कोड तपासणारी टूल्स बनवणाऱ्या सोनारसोर्स कंपनीच्या अ‍ॅन कॅम्पबेल यांनी आणलं. त्यात खोलीला दंड आहे: बाहेरच्या इफचा 1, त्याच्या पोटातल्याचा 2, त्याच्याही पोटातल्याचा 3. आपल्या पहिल्या कोडमध्ये चार इफचे 1, 2, 3, 4 असे 10, तीन एल्सचे 3 आणि 'किंवा'चा 1, एकूण 14. दुसऱ्यात चार इफचे 4 आणि 'किंवा'चा 1, एकूण 5. स्विच कितीही केसेसचा असो, त्याचा एकदाच 1 धरतात, म्हणजे तुमची ती तक्रारही मिटली. सोनारक्यूब या त्यांच्याच टूलमध्ये जावा भाषेसाठी मूळ मर्यादा 15 असते; आपला पहिला कोड तिथे जेमतेम सुटला असता. लिनक्स कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) कोड लिहिण्याच्या नियमांमध्ये तर आकडेमोड न करताच सांगितलंय की तीनपेक्षा जास्त पातळ्या आत जावं लागत असेल तर आधी प्रोग्रॅम दुरुस्त करा. तिथे टॅबही, म्हणजे दर पातळीला ओळ आत सरकवायची जागा, आठ अक्षरांचा. खोल गेलात की ओळ स्क्रीनबाहेर पडते आणि स्वतःलाच लाज वाटते.

आता तुमच्या नऊ फंक्शन्सकडे येतो, कारण खरी आग तिथेच आहे. पहिला कोड तसाच ठेवून त्याची भाडं_मोजा, भाडं_मोजा_पुढे आणि भाडं_मोजा_मोठे अशी तीन फंक्शन्स केली तर? प्रत्येकाचा आकडा 2 किंवा 3, टूल समाधानी. पण प्रत्येक फंक्शनची मोजणी 1 पासून सुरू होते, म्हणून बेरीज 6 वरून 8 वर गेली. अट एकही कमी झाली नाही, फक्त वेगवेगळ्या खोल्यांत लपली, आणि वाचणाऱ्याच्या नशिबी या खोलीतून त्या खोलीत हेलपाटे आले. वरच्या दुसऱ्या कोडमध्ये एकही नवीन फंक्शन नाही. तिथे अटींचा क्रम बदललाय, बस्स.

तोडूच नये असं मी म्हणत नाही. तुकड्याला त्या धंद्यातलं नाव सापडलं तर खुशाल तोडा. 'हाफ_तिकीट_लागू' हे फंक्शन मला चालेल, कारण कंडक्टर तो शब्द दिवसभर वापरतो. ते आत काय करतं हे न उघडता कळतं. 'भाडं_मोजा_पुढे' हे नाव म्हणजे लिहिणाऱ्याला काही सुचलं नाही याची पावती. तुमच्या नऊपैकी किती फंक्शन्सच्या नावात 'प्रोसेस', 'हँडल' किंवा नुसता 2 आहे, मोजून बघा.

'वाचता येतो त्याला आकडा लागत नाही' हे मला अजिबात पटत नाही. स्वतःच्या कोडपुरतं ठीक आहे. दुसऱ्याने लिहिलेला लाखो ओळींचा कोड समोर आला की डोळा कितीही तयार असो, आधी उघडायचं काय? अमेरिकेत ओक्लाहोमामध्ये 2013 साली टोयोटाच्या एका गाडीच्या अपघाताचा खटला चालला. त्यात मायकेल बार या तज्ज्ञांनी साक्ष दिली की इंजिन कंट्रोलच्या कोडमधल्या 67 फंक्शन्सचा आकडा 50 च्या वर आहे आणि थ्रॉटलचा कोन ठरवणाऱ्या फंक्शनचा तर 100 च्या वर. आकडा मोठा म्हणजे बग सिद्ध झाला असं कुणी समजू नये. पण 100 वाटांच्या फंक्शनची पुरेशी टेस्टिंग झाली होती का, हा प्रश्न ज्यूरीतल्या सामान्य माणसांपुढे मांडायला तो आकडा कामी येतो. 'माझ्या अनुभवी डोळ्याला हा कोड वाईट दिसतो' एवढ्यावर कोर्टात कुणी ऐकून घेणार नाही. रिव्ह्यूमध्ये, म्हणजे सहकाऱ्याचा कोड तपासताना, ज्युनिअर मुलगीही सिनिअरला 'तुमचा कोड कळत नाही' असं म्हणायला कचरते. '22 आलाय, बघता का?' असं मात्र विचारू शकते.

मॅनेजरच्या शीटमध्ये हा आकडा गेला की त्याची माती होते, हे तुमचं निरीक्षण शंभर टक्के मान्य. म्हणून मर्यादा फक्त नव्या आणि बदललेल्या फंक्शन्सना लावावी आणि ओलांडल्यास बिल्ड पाडण्याऐवजी (म्हणजे कोड पुढे जाण्यापासून अडवण्याऐवजी) रिव्ह्यूत शेरा यावा. जुन्या कोडपैकी गिटच्या लॉगमध्ये (कोडमधल्या बदलांच्या नोंदवहीत) सारखं सारखं दिसणारं तेवढंच हातात घ्यावं. आकडा 40 आहे पण पाच वर्षांत कुणी हात लावलेला नाही, अशा फंक्शनला उगाच डिवचू नका. आणि टीमची सरासरी तर काढूच नका. छोटी गेटर फंक्शन्स (नुसती एक किंमत परत देणारी) वाढवली की ती आपोआप सुधारते.

तुमच्या साठ ओळींचं काय करायचं? नऊपैकी ज्या फंक्शन्सना तीच तीच चार-पाच पॅरामीटर्स (बाहेरून द्यायच्या किमती) पाठवावी लागतायत, ती आधी परत एकत्र आणा आणि अटी वरच्यासारख्या सपाट करून बघा. एवढं करूनही टूल लाल झालं, तर त्या एका फंक्शनपुरता नियम बंद ठेवा आणि का बंद ठेवलाय ते वर कॉमेंटमध्ये लिहा. अटींची नुसती यादी इथे टाकलीत तरी चालेल, कंपनीचा कोड नको.