'द मार्व्हल्स' पडला, पण खापर कुणाच्या डोक्यावर?

"बाईच्या जिवावर सुपरहिरोचा पिक्चर चालत नाही," असं मंदार म्हणाला, आणि पुढचा तासभर ठाण्याच्या तलावपाळीच्या कट्ट्यावर दुसरा विषयच निघाला नाही.

निमित्त होतं 'द मार्व्हल्स'चं. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेला हा तीन नायिकांचा सुपरहिरो पिक्चर मार्व्हल स्टुडिओजच्या सगळ्या सिनेमांत सर्वांत कमी कमाईचा ठरला. जगभरातून साधारण २०.६ कोटी डॉलर आले आणि नुसता बनवायचा खर्चच २० कोटींच्या वर. त्यात तिकिटाचे जवळपास निम्मे पैसे थिएटरवाल्यांकडे राहतात. म्हणजे सणसणीत तोटा, त्यावर वाद नाही.

"दिवाळीत इथेसुद्धा थिएटर ओस होतं," मंदार म्हणाला.

"त्याच दिवाळीत 'टायगर ३' लागला होता, ते धर की," प्रसादनं तिथल्या तिथे ऐकवलं.

सायलीचा प्रश्न जास्त नेमका होता. "मग 'कॅप्टन मार्व्हल' कुणाच्या जिवावर चालला? तीच ब्री लार्सन, तीच भूमिका. २०१९ मध्ये ११३ कोटी डॉलर आले."

"अगं, तो 'अ‍ॅव्हेंजर्स'च्या 'इन्फिनिटी वॉर' आणि 'एंडगेम'च्या मध्ये आला होता. त्यातल्या खलनायकाचं, थेनॉसचं पुढे काय होणार, या उत्सुकतेनं लोक गेले."

हे मंदारचं खरं आहे आणि मला तिथेच त्याला धरायचं होतं. हिटचं श्रेय वेळेला द्यायचं आणि फ्लॉपचा दोष बाईला, हा कुठला न्याय? वेळेचाच हिशोब करायचा तर दोन्हीकडे करू. हॉलिवूडच्या नटनट्यांचा संप १४ जुलैला सुरू झाला, तो मिटला ९ नोव्हेंबरला. पिक्चर लागला १० तारखेला. संपाच्या नियमानं कलाकारांना प्रचार करायला मनाई होती, त्यामुळे ब्री लार्सन, तेयोना पॅरिस आणि इमान वेलानी या तिघींना प्रदर्शनाआधीचे सगळे आठवडे गप्प बसावं लागलं. चौदा-पंधरा वर्षं जुनी झालेली ही सिनेमांची मालिका विकायला चेहरेच नव्हते.

प्रसादची तक्रार वेगळी होती. "मला त्यातल्या दोघी कोण तेच कळलं नाही."

कळणार कसं? तेयोना पॅरिसच्या मोनिकाला शक्ती मिळाली 'वांडाव्हिजन'मध्ये, इमान वेलानीच्या कमला खानची सगळी गोष्ट 'मिस मार्व्हल'मध्ये, आणि दोन्ही ओटीटीवरच्या मालिका. शनिवारी पोराबाळांना घेऊन पिक्चरला जाणाऱ्या माणसानं आधी दोन मालिका संपवाव्यात, अशी अपेक्षा ठेवली की तो येतच नाही. शिवाय थोडं थांबलं की हेही घरी बघायला मिळणार, हे त्याला मार्व्हलची मालक असलेल्या डिस्नेनंच शिकवलेलं. माझ्या मते पिक्चर खऱ्या अर्थानं इथे पडला.

आणि त्या वर्षी पडलेला तो काही एकटाच नव्हता. 'द फ्लॅश' जूनमध्ये आपटला, जगभरात २७ कोटींच्या आसपास थांबला. 'शझॅम'चा दुसरा भाग तर 'द मार्व्हल्स'पेक्षाही कमी कमावून गेला. तिथे मुख्य भूमिकेत पुरुषच होते. "पुरुषांचे सुपरहिरो चालत नाहीत, असं तेव्हा बोललास का रे?" सायलीनं विचारलं. मंदार गप्प. त्याच उन्हाळ्यात 'बार्बी'नं १४४ कोटी डॉलर कमावले होते, तेही एका बाईनं दिग्दर्शित केलेल्या, बाईच्याच गोष्टीवर.

मला राग येतो तो या हिशोबाच्या परिणामांचा. मार्व्हलचे तेव्हाचे बडे अधिकारी आयझॅक पर्लमटर यांनी २०१४ मध्ये सोनीच्या प्रमुखांना पाठवलेला एक ईमेल पुढे फुटला. त्यात 'इलेक्ट्रा', 'कॅटवुमन' आणि 'सुपरगर्ल' ही पडलेल्या नायिकाप्रधान पिक्चरांची यादी होती. 'इलेक्ट्रा' २००५ चा. त्यानंतर मार्व्हल किंवा तिची प्रतिस्पर्धी डीसी यांच्या नायिकेला स्वतःचा मोठा पिक्चर मिळाला तो थेट २०१७ मध्ये, 'वंडर वुमन'. बारा वर्षं! तोवर पुरुषांचे कितीतरी पिक्चर पडले आणि त्याच नायकांना नव्यानं संधी मिळत राहिली.

"पण पिक्चर वाईट होता, हे तरी मान्य कर," मंदार म्हणाला. "दुसऱ्या वीकेंडला अमेरिकेत ७८ टक्के घसरला. ज्यांनी पाहिला त्यांनीच इतरांना जा म्हणून सांगितलं नाही."

वाईट नाही, कच्चा. खलनायिका डार-बेन कशासाठी पेटून उठली आहे ते मनाला भिडायच्या आत पिक्चर पुढे पळतो. १०५ मिनिटांत सगळं कोंबलंय. पण कमलाच्या घरातले प्रसंग बघ, मुंबईची झेनोबिया श्रॉफ आणि मोहन कपूर तिचे आईबाबा म्हणून काय गोड वाटतात! आणि इमान वेलानी पडद्यावर आली की तिच्यावरून नजर हलत नाही. डिस्नेचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनी मात्र सेटवर वरिष्ठांची पुरेशी देखरेख नव्हती असं जाहीरपणे सांगितलं. देखरेख ठेवायचं काम वरिष्ठांचंच होतं, तरी ऐकणाऱ्यांनी बोट दाखवलं ते दिग्दर्शिका निया डाकॉस्टाकडे.

"कथा कच्ची होती म्हण, मी भांडणार नाही," सायली म्हणाली. मंदारनं तेवढं मान्य केलं. बाईवाला मुद्दा मात्र त्यानं अजून सोडलेला नाही, आणि आम्हीही त्याला सोडणार नाही.