हलगी वाजली म्हणजे कुणाचा बळी जात नाही

पिक्चरवाल्यांनो, भुताचा पिक्चर काढायला आमच्या साताऱ्या-सांगलीकडं येता, वाईचा घाट पाहिजे, मेणवलीचा वाडा पाहिजे, उसाचा फड पाहिजे. इथली माणसं मात्र फक्त घाबरवायला पाहिजेत. हिरो-हिरॉइन गोरी, शहरातली, शुद्ध बोलणारी. काळा रापलेला गडी दिसला की तो करणी करणारा. लंगडणारा दिसला की त्याच्या मनात काहीतरी काळंबेरं. पोतराजानं कोरडा म्हणजे आसूड उगारला की मागनं किंकाळी. किती वर्षं चालायचं हे?

हलगीचं बघून तर डोकंच फिरतं. कातडं जाळावर तापवून ताणून घ्यायचं, तेव्हा कुठं आवाज कडक निघतो. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्यात बारीक काडी. ती कडाडते कुस्तीच्या मैदानात, जत्रेत, मिरवणुकीत, आणि ऐकणाऱ्याच्या अंगात जोर चढतो. तुम्ही तोच ताल संथ करता, त्यात घुमारा भरता आणि नरबळीच्या सीनखाली टाकता. ज्या दलित वस्त्यांनी पिढ्यान् पिढ्या ही कला सांभाळली, त्यांचं वाद्य अघोरी ठरवायचा अधिकार तुम्हाला दिला कुणी?

मेकअपचं तेच. ‘गावची म्हातारी’ म्हटलं की फाउंडेशन दोन शेड गडद, डोळ्यांत पांढऱ्या लेन्स आणि डोक्यावर जटेचा विग. अहो, केस विंचरले नाहीत, त्यात मळ, धूळ, तेल बसत गेलं की गुंता घट्ट होऊन जट बनते. तिच्या वजनानं मान अवघडते, आत उवा होतात. देवीची म्हणून कापायची नाही, या धाकानं बाया ती वर्षानुवर्षं वागवतात. अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला, त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला. त्याच साताऱ्यात येऊन तुम्ही जटेची बाई झपाटलेली दाखवता. संताप येणार नाही तर काय होईल?

रात्रीच्या सीनला सावळा नट काळोखात बुडतो, कारण एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते, शेजारच्या गोऱ्या चेहऱ्यावर धरलेलं असतं. मग दिसतात नुसते डोळे आणि दात, आणि त्यालाच भीतीदायक म्हणायचं. उजेड मोजायचा मीटर त्याच्या चेहऱ्यावर धरा, बाजूनं थर्माकोलवर आपटून परतवलेला मऊ उजेड द्या, मॅट पावडर सोडून हलकं मॉइश्चरायझर लावा. गालाची कड लगेच उजेड पकडते. तिकडं अमेरिकेत १९६८ मध्येच ‘नाईट ऑफ द लिव्हिंग डेड’ या भुताच्या पिक्चरमध्ये ड्युएन जोन्स हा कृष्णवर्णीय नट नायक होता, आणि त्याच्या रंगाबद्दल अख्ख्या पिक्चरमध्ये कुणी चकार शब्द काढत नाही.

आणि भाषा! एकाच म्हातारबाच्या तोंडी ‘खंय’, ‘कायले’ आणि ‘जाऊ नगा’. मालवण, वऱ्हाड, सातारा एकाच माणसात कोंबलेले. सांगलीकडं ‘काय करायलायस’ म्हणतात, साताऱ्याकडं ‘काय करतुयास’ कानावर पडतं. हे शूटिंगआधी इथल्या माणसाकडनं लिहून घ्यावं लागतं. डबिंगला सुधारू म्हणाल तर ओठ जुळत नाहीत आणि सगळं खोटं वाटतं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ नाटक उभं केलं. त्या गावात नट मिळत नाहीत, हे आम्हाला सांगू नका.

सगळ्यात जास्त चीड येते ती हडळीवरनं. आपल्याकडं मेलेल्याचं भूत कसं ठरतं बघा. बाळंतपणात गेली तर हडळ, विधवा गेली तर लावसट, मुंज होऊन लग्नाआधी गेलेला पोरगा मुंजा. कुणाचं काय राहून गेलं, कुणाचे हाल झाले, ते त्या नावातच आहे. ‘लपाछपी’ या मराठी पिक्चरनं २०१७ मध्ये उसाच्या फडातल्या घरात मुलींच्या जिवावर उठलेलं घराणं दाखवलं, तेव्हा भुतापेक्षा माणसांची भीती वाटली. बाकीच्यांना हडळ म्हणजे मोकळे केस आणि उलटे पाय. ती कुणाच्या घरात नांदत होती, कळा सुरू झाल्यावर तिला दवाखान्यात कुणी नेलं नाही, पोर जगलं का, एवढं विचारणारा एक सीन लिहा की. आणि तिला एक नाव द्या.