अकरा तालुके, अकरा महिने

जाहिरात मामानं पाठवली. आमच्या मामाला भरतीच्या जाहिरातीचा वास लांबूनच लागतो, शेंगा भाजल्याचा लागावा तसा. सोलापुरात चादरीच्या कारखान्यात हयात गेलेला माणूस. त्याच्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची, सरकारी आणि उरलेली. जाहिरात एका स्थानिक कार्यालयाची होती. डाटा एंट्री ऑपरेटर, पदं तीन, एकत्रित मानधन, कालावधी ११ महिने.

"मामा, अकराच महिने हैत."

"आत तर शीर आधी. एकदा आत शिरलेला माणूस भाईर आलेला बघितलास का कधी?"

अकराच का, तर बारावा महिना भरू दिला की माणसाला आपण कायम झाल्याचा भास होतो म्हणे. म्हणून मध्ये एखादा दिवस घरी बसवतात आणि नव्या आदेशानं त्याच खुर्चीवर परत घेतात. देवाची मूर्ती विसर्जित करून पुन्हा बसवावी तसं.

जाहिरातीत 'थेट मुलाखत' ठळक अक्षरांत होतं. थेट म्हणजे उठायचं, जायचं, बोलायचं, अशी माझी भाबडी समजूत. ती झेरॉक्सवाल्या अण्णांनी दूर केली. अण्णांचं दुकान अशोक चौकाजवळच्या बोळात. ते घरात तेलुगू बोलतात, गिऱ्हाइकाशी मराठी आणि मशीनमध्ये कागद अडकला की कन्नड. पोस्टचं नाव ऐकताच जाहिरात न बघता त्यांनी बोटं मोजायला सुरुवात केली. दहावी, बारावी, बीकॉमच्या सहाही सेमिस्टरच्या गुणपत्रिका, एमएस-सीआयटी, टायपिंग मराठी ३०, इंग्रजी ४०, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, आधार.

"आणि लहान कुटुंब."

"ते काय असतंय?"

"लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र बे. नमुना अ. ते नसलं तर गेटवरनंच वापस."

हा नमुना मी घरी आणून नीट वाचला. 'आज रोजी मला ____ इतकी हयात मुले आहेत.' वय २९, लग्नाचा पत्ता नाही. आलेल्या तिन्ही स्थळांनी "मुलगा परमनंट आहे का?" विचारून चहा अर्धा ठेवला होता. पोरीकडचे म्हणतात आधी नोकरी दाखवा, आणि नोकरीवाले विचारतात पोरं किती. २००५ च्या नियमांपासून हे प्रतिज्ञापत्र सगळ्यांनाच द्यावं लागतं, हे मान्य. पण त्या रेघेवर 'शून्य' लिहिताना हात जड झाला. आई चष्मा वर करून वाचत होती. म्हणाली, "निरंक लिही. शून्य बरं दिसत नाही."

मग सह्या. पूर्वी साक्षांकनासाठी राजपत्रित अधिकाऱ्याच्या दारात उभं राहावं लागायचं. आता स्वतःच स्वतःला खरं म्हणायचं, स्वयंसाक्षांकित. सोय झाली खरी, पण २३ कागद, दोन संच, म्हणजे ४६ सह्या. पहिल्या दहा अगदी बँकेत करावी तशा. विसाव्या सहीपाशी आडनावाचा काना गळाला. तिसाव्यापर्यंत वडिलांचं नाव गेलं. शेवटची सही म्हणजे मुंगी शाईत पडून चालत गेली होती.

मुलाखत मे महिन्यातल्या एका गुरुवारी. कॅलेंडरवर त्या चौकोनात आईनं आधीच लाल पेननं 'पाणी' लिहिलेलं. आमच्याकडे नळ चार दिवसांआड येतो. आणि धरण उजनीसारखं असलं तरी आमच्या दृष्टीनं महत्त्वाची ती आमची दोन पिपं. नळ नेमका सकाळी साडेआठला आला. मी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पायरीवर.

"नुसता पाइप धर मिनिटभर. नोकरी काय, परत निघंल. पाणी आता मंगळवारी."

पाइप निसटला. उजवी बाही कोपरापासून मनगटापर्यंत ओली झाली. सोलापूरचं ऊन असल्यानं सात रस्त्याला पोचेपर्यंत वाळली, पण वाळताना तिनं पिपाच्या काठाचा गंज धरून ठेवला.

कार्यालयाच्या व्हरांड्यात तीन जागांसाठी दीडशेच्या वर माणसं. करमाळ्याहून पहाटेच्या एसटीनं आलेली एक मुलगी, मांडीवर बाळ घेतलेली एक बाई (तिला रेघेवर अभिमानानं 'एक' लिहिता आलं असणार), दोन इंजिनियर आणि एक एमएस्सी. कूलर एकच, त्याचं तोंड साहेबांच्या केबिनकडे. बारा वाजता शेजारच्या अक्कलकोटच्या गड्यानं डबा उघडला. कडक भाकरी आणि शेंगाचटणी. "घ्या की," म्हणाला. भाकरीचा तुकडा मोडताना असा आवाज झाला की रांगेतले दहा जण वळले. चटणीच्या तेलाचा एक थेंब माझ्या एमएस-सीआयटीच्या झेरॉक्सवर, बरोबर श्रेणीच्या जागी पडला.

कागद तपासणारे भाऊसाहेब त्या कागदावर थांबले. उजेडाला धरला, नाकाशी नेला.

"चटणी?"

"हो साहेब."

"घरची दिसतीय." कागद पुढे सरकला. मग शेवटच्या पानावर आले. "ही सही तुमचीच का? पहिल्या पानावर वेगळाच माणूस आहे." त्यांच्यासमोर पाच वेळा सही करून दाखवली. पाचही वेगळ्या आल्या. त्यांनी सुस्कारा सोडून शिक्का मारला.

माझा नंबर चार वाजता लागला. आत दोन साहेब, एक मॅडम. टेबलावर संगणक होता, त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून सोलापुरी टॉवेल पांघरलेला. टायपिंगचं कुणी विचारलं नाही.

"जिल्ह्यात तालुके किती?"

"अकरा." हे पाठ होतं.

"सांगा."

"बार्शी, माढा, करमाळा, मोहोळ, पंढरपूर, माळशिरस, सांगोला, मंगळवेढा, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर..." आणि गाडी थांबली. दहा. पुन्हा बार्शीपासून सुरू केलं, पुन्हा दहा. मोठे साहेब गालात हसत होते, मग त्यांचीही बोटं टेबलाखाली हलायला लागली आणि हसू थांबलं.

"वैराग?" मॅडम हळूच म्हणाल्या.

"ते बार्शीत येतंय."

"मग अकलूज?"

"ते माळशिरसमध्ये, मॅडम," मी म्हणालो. मदत करावी म्हणून.

खोलीत शांतता. चहा घेऊन आलेला शिपाई कप ठेवता ठेवता म्हणाला, "साहेब, आपण बसलाव तोच की. उत्तर."

"उत्तर सोलापूर," मी आणि मोठे साहेब एकदमच म्हणालो. त्यांनी माझ्या नावापुढे काहीतरी लिहिलं. "या तुम्ही."

वीस दिवसांनी फलकावर यादी लागली. निवड तिघांची. शिपायाला अर्ज करता येत नव्हता, नाहीतर पहिला तोच आला असता. करमाळ्याची मुलगी दुसरी होती, बरं वाटलं. माझं नाव खाली, प्रतीक्षा यादीत दोन नंबरला. त्याखाली बारीक अक्षरांत टीप. निवड झालेल्यांची नेमणूक ११ महिने, प्रतीक्षा यादीची मुदत एक वर्ष.

मामाला फोन करून दोन्ही वाचून दाखवलं. तो जरा वेळ गप्प होता.

"म्हणजे त्यांच्यापरास तू एक महिना जास्त सरकारी की बे."